ऐकणारा कुठे बसतो? : स्टिरिओ, सराउंड आणि वऱ्हाडातले घर

मराठीत संगीतावर पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’मध्ये घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान केली. अशोक दा. रानडे यांनी ध्वनी, कंठ आणि समाज यांच्या नात्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. या लेखनातून गाणारा कुठे उभा आहे ते नेमके कळते. ऐकणारा कुठे बसला आहे हे मात्र क्वचितच कळते. मैफलीतली त्याची जागा गृहीत धरलेली असते आणि घरी ऐकणाऱ्याची तर दखलही नसते. वास्तविक गेल्या शंभर वर्षांत सामान्य मराठी माणसाने ऐकलेल्या संगीताचा फार मोठा भाग त्याने घरीच ऐकला आहे. आधी तबकडीवर, मग रेडिओवर, टेपवर आणि आता मोबाइलवर.

हाच प्रश्न आज दुकानात वेगळ्या भाषेत विचारला जातो. दोन स्पीकर घ्यावेत की पाच-सहा? वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठल्याही गावात नवे घर बांधून झाले आणि बैठकीच्या भिंतीवर टीव्ही लागला की ‘होम थिएटर’चा विषय निघतोच. दुकानातले प्रात्यक्षिकही ठरलेले असते. पडद्यावर हेलिकॉप्टर येते, ते डोक्यावरून मागे जाते, गिऱ्हाईक मागे वळून पाहते आणि सौदा होतो. मालकंस किंवा एखादा अभंग लावून सराउंड विकणारा दुकानदार मी पाहिलेला नाही. त्याला आपला धंदा कळतो, असेच म्हणावे लागेल. संगीतावर लिहिणाऱ्यांनी हा विषय यंत्रांचा म्हणून बाजूला ठेवला. मला तो ऐकणाऱ्याच्या जागेचा विषय वाटतो आणि त्या जागेबद्दल आपल्या परंपरेला बरेच काही सांगता येते.

दोन्ही पद्धतींचे गणित आधी पाहू. इंग्लंडमधले अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे पेटंट मागितले. डावीकडून येणारा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश इतका असतो आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. दोन स्पीकरमधून तो फरक पुन्हा निर्माण करता आला की जिथे स्पीकर नाही अशा मधल्या जागीही गायक उभा करता येतो. स्टिरिओ म्हणतात तो एवढाच. त्यासाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागेवरून दोन स्पीकरांमध्ये साठ अंशांचा कोन पडतो. सराउंडच्या प्रमाण मांडणीत हे दोन स्पीकर तिथेच राहतात. त्यांच्या मधोमध एक तिसरा येतो, आणखी दोन ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, समोरच्या रेषेपासून सुमारे एकशे दहा अंशांवर, म्हणजे कानांच्या जरासे मागे बसतात. खर्जासाठी एक वेगळी पेटी असते. पाच अधिक एक, म्हणून त्याचे नाव ५.१.

आता मैफलीची मापे घेऊ. हिंदुस्थानी कंठसंगीताच्या मैफलीत सर्वसाधारणपणे गवई मध्ये, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी आणि मागे तंबोरे. तबलजीपासून पेटीवाल्यापर्यंतची रुंदी फार तर सात फूट. ही सात फुटांची मैफल साठ अंशांत दिसायची तर ऐकणाऱ्याला सहा फुटांवर बसावे लागते. बारा फुटांवर बसला तर ती जेमतेम बत्तीस-तेहतीस अंशांत मावते. याचा अर्थ असा की बरोबर मांडलेला स्टिरिओ श्रोत्याला पहिल्या रांगेत, गवयाच्या अगदी पुढ्यात बसवतो. जुन्या काळी ही जागा यजमानाची किंवा दर्दी माणसाची असे. दोन साध्या स्पीकरांना अपुरे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. मैफलीसाठी स्टिरिओ अपुरा तर नाहीच, उलट प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला आलेल्या जागेपेक्षा तो अधिक रुंद आहे.

समोरून ऐकण्याची ही रीत जुनी आहे. नाट्यशास्त्रातही वादकांचा कुतप रंगमंचाच्या मागल्या अंगाला, नेपथ्याकडे जाणाऱ्या दोन दारांच्या मध्ये बसवलेला आहे. प्रेक्षक पुढे, वाद्ये समोर. संगीत नाटकाने ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर आणले, तरी दिशा बदलली नाही.

पण इथे एक गोष्ट विसरली जाते. ज्या ठेव्याबद्दल आपण हळवेपणाने बोलतो त्याचा बराच मोठा हिस्सा स्टिरिओ नाहीच, तो एका वाहिनीचा आहे. १९३७ साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, बालगंधर्वांची पदे, हिराबाई बडोदेकरांची उमेदीतली मुद्रणे, जी. एन. जोशींपासूनचे पहिले भावगीत, हे सारे एका माइकपुढे गाऊन एका खाचेत कोरलेले. स्टिरिओ तबकड्या पाश्चात्त्य बाजारात आल्या त्याच मुळी १९५८च्या सुमारास. त्या मुद्रणांत जवळ आणि दूर आहे, डावे आणि उजवे नाही. गायक माइकजवळ असतो, साथीदार मागे. दोन चांगल्या स्पीकरांवर अशी तबकडी लावली की आवाज बरोबर मधोमध, एका जागी उभा राहतो आणि तिथेच राहायला हवा. त्याला पसरवणे म्हणजे जुन्या कृष्णधवल फोटोतल्या साडीला रंग भरणे होय. रंग सुंदर असेल, पण साडी त्या रंगाची होती याचा पुरावा कुठे आहे?

हा उद्योग नवा नाही. १९६०च्या दशकात पाश्चात्त्य कंपन्यांनी जुन्या एकवाहिनी मुद्रणांचे खर्जाचे अंग एका बाजूला आणि तीव्र अंग दुसऱ्या बाजूला ढकलून, वर थोडा विलंब मिसळून, त्यांना इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ म्हणून विकले. जाणकारांनी पुढे तो प्रकार टाकून दिला. आजच्या यंत्रांतले ‘हॉल’, ‘म्युझिक’, ‘थ्रीडी’ हे खटके त्याच कुळातले आहेत. दोन वाहिन्यांतून पाच करण्याची नेहमीची युक्ती साधी आहे. दोन्ही वाहिन्यांत जे सारखे असेल ते मधल्या स्पीकरला द्यायचे आणि दोहोंत जो फरक असेल तो मागच्यांना. एकवाहिनी मुद्रणात फरक शून्य असल्याने मागचे स्पीकर मुके राहतात. गिऱ्हाइकाला ते बिघडल्यासारखे वाटू नयेत म्हणून मग कृत्रिम घुमारा भरला जातो. अब्दुल करीम खाँ एखाद्या मंगल कार्यालयात गात आहेत असे वाटू लागते.

त्या युक्तीची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. प्रत्यक्ष मैफलीच्या स्टिरिओ मुद्रणात श्रोत्यांची दाद, खोकणे, सभागृहाचा घुमारा हे दोन वाहिन्यांत वेगवेगळे पडलेले असते. फरक मागे पाठवला की दाद मागून येते. समेवरची वाहवा आपल्या पाठीमागून ऐकू येणे हा मैफलीचा खरा अनुभव आहे आणि स्टिरिओ तो देऊ शकत नाही. तिथे गवई आणि त्याला दाद देणारे एकाच भिंतीतून बोलतात. अशा मुद्रणांपुरते मागचे स्पीकर, आवाज अगदी हळू ठेवून, मला समर्थनीय वाटतात. स्टुडिओत प्रत्येक वाद्याला स्वतंत्र माइक लावून केलेल्या मुद्रणाला तेच लावले तर तबल्याची शाई मागच्या खिडकीत वाजू लागते.

घरातले ऐकणे एकट्याचे कधी झाले, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या रामनवमीला, एक एप्रिलला, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. इकडे नागपूर केंद्र १९४८ पासून बोलत होते. त्या काळी गावात दोन-चार घरी रेडिओ असायचा. तो कोनाड्यात किंवा मेजावर, आणि ओसरीवर, दाराशी, अंगणात माणसे. एक स्पीकर मधोमध आणि ऐकणारे त्याच्याभोवती. सराउंडने हे चित्र उलटे केले. एक ऐकणारा मधोमध आणि स्पीकर त्याच्याभोवती. स्टिरिओचा त्रिकोणही खरे तर एकाच माणसाला बरोबर बसतो. शेजारच्याला जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो आणि हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवले त्याप्रमाणे मेंदू आधी आलेल्या आवाजावर शिक्का मारून मोकळा होतो. ध्वनीला एक फूट जायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा कमी वेळ लागतो. दोन फूट सरकून बसले की स्टिरिओचा मध्य कोलमडतो, सराउंडमध्ये तर एका बाजूचा मागचा स्पीकर थेट कानाशी येतो.

रेडिओच्या पेटीला ‘योग्य जागा’ नव्हती. आजी जिथे वाती वळत असेल तीच योग्य जागा. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येते अशा वडीलधाऱ्यांसाठी आजही एकवाहिनी हीच न्याय्य पद्धत आहे. स्टिरिओत त्यांच्या वाट्याला अर्धे गाणे येते. पुष्कळ ॲम्प्लिफायरमध्ये आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो’चा पर्याय असतो, तो कुणी वापरत नाही.

या मुद्द्यावर सराउंडच्या बाजूचे एक म्हणणे खरे आहे. मधला स्पीकर अनेक जणांसाठीच जन्माला आला. १९३३ साली बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला तेव्हा दोनऐवजी तीन वाहिन्या वापरल्या. सभागृहात कडेला बसणाऱ्यांसाठी मध्य टिकला पाहिजे, हा त्यामागचा विचार. सिनेमातही संवाद पडद्याच्या मधोमध राहतो तो याच कारणाने. सहा जण मिळून चित्रपट पाहणाऱ्या घरात मधल्या स्पीकरने संवाद स्पष्ट होतात, यात शंका नाही. सराउंडच्या संचातली घरगुती उपयोगाची सगळ्यात चांगली वस्तू हीच. तिला सराउंडपण काही नाही, ही त्यातली गंमत.

आता खोली. वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरे आठवा. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा थर, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात कणगी, दांडीवर टाकलेल्या गोधड्या. आवाज पिऊन टाकणारे घर. त्याची जागा सिमेंटच्या स्लॅबने, गुळगुळीत प्लास्टरने आणि टाइल्सने घेतली आणि नेमक्या त्याच वर्षांत घरातले स्पीकर एकाचे दोन, दोनाचे सहा झाले. आवाज पिणारे घर गेले, आवाज परत फेकणारे आले.

हार्वर्डमध्ये १८९५च्या सुमारास वॉलेस सॅबिन यांनी एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री वाहून आणून मोजमापे केली. घुमारा किती वेळ टिकेल याचे सूत्र त्यातून आले. ते दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या रिकाम्या स्लॅबच्या खोलीला लावले तर उत्तर अडीच-तीन सेकंदांच्या घरात येते. एखाद्या मोठ्या देवळात शोभेल असा घुमारा. गाद्या टाकल्या, पडदे लावले, चार माणसे बसली की तो सेकंदाच्या आसपास उतरतो. शिवाय अशा खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या जवळपासचे खर्जाचे स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतात. खर्जाची पेटी बहुतेक वेळा कोपऱ्यात ठेवलेली असते आणि तिथे ते सर्वांत जास्त फुगतात. लग्नाच्या वरातीतला डीजे घरात शिरल्यासारखे वाटते ते यामुळे.

म्हणून स्लॅबच्या घरात चार जादा स्पीकर आणणे म्हणजे भिंतींना बोलायला आणखी चार कारणे देणे. त्या पैशांत एक जाड सतरंजी, दोन गाद्या आणि पुस्तकांनी भरलेले एक कपाट येते. मागचे स्पीकर कुठे बसतात तेही पाहावे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकीतला कूलर. एकशे दहा अंशांवर जागाच नसते, मग ते छताखाली, सोयीच्या खिळ्यावर टांगले जातात. मार्च ते जून कूलरच्या घरघरीत मागचा मंद घुमारा ऐकू येणे तसेही अशक्य असते. पाश्चात्त्य देशांतही सत्तरच्या दशकात चार स्पीकरांचा क्वाड्राफोनिक प्रकार आला आणि परस्परांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धतींच्या भांडणात बुडाला. चार पेट्या दिवाणखान्यात कुठे ठेवायच्या, ही अडचण तिथल्या घरांनाही चुकली नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख स्टिरिओचे वकीलपत्र झाला असता. पण वाशीम जिल्ह्यातलेच दोन अनुभव त्याच्या आड येतात.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी या जिल्ह्यातून जाते. दिंडीतला वारकरी कुणासमोर बसलेला नसतो. दोन रांगा, मध्ये वीणेकरी, मृदंग. एका बाजूने चरण उचलले की दुसरी बाजू ते घेते. आपल्या हातातला टाळ सर्वांत मोठा, शेजाऱ्याचा त्याहून लहान, समोरच्या रांगेतले टाळ एका लखलखत्या पडद्यासारखे. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये समोरासमोरच्या सज्जांतून दोन गायकवृंद एकमेकांना उत्तरे देत आणि युरोपीय संगीताच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. आपल्याकडे हीच रचना दरवर्षी रस्त्याने चालत जाते आणि तिचे मुद्रण बहुधा कडेला उभ्या माणसाच्या मोबाइलवर होते. त्यात दिंडी डावीकडून उजवीकडे जाणारी मिरवणूक होऊन बसते.

दुसरा अनुभव तांड्यावरचा. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तिथे नगाऱ्याच्या आकाराच्या वास्तूत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. आसपासच्या तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते. गोल धरून, डफ आणि थाळीच्या ठेक्यावर. या गोलाला समोर नाही. जो ऐकतो तो गातो आणि नाचतोही. त्याला आवाज उजव्या खांद्याकडून येतो, डाव्या खांद्याकडून येतो आणि गोलाच्या पलीकडून थोडा उशिराने येतो. दोन वाहिन्यांच्या मुद्रणात हा गोल चपटा होतो. सगळे गाणारे एका रेषेत, भिंतीला पाठ लावून उभे केल्यासारखे. मैफलीला जे साजते ते लेंगीवर अन्याय करते.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या आणि बर्नार बेल यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण केले. हे काम अतुलनीय आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, मध्ये दगडाची घरघर, खुंट्यावर दोघींचे हात. ओवी ऐकणारी पहिली बाई जात्याच्या पलीकडे असते. आपण जी ध्वनिफीत ऐकतो ती तिसऱ्या माणसाच्या जागेवरून ऐकतो आणि मूळ प्रसंगात ती जागा नव्हतीच.

तेव्हा सराउंडला खरे काम आहे ते इथे. बाजारातला सराउंड ऐकणाऱ्याला गोलाच्या मध्यभागी बसवतो, जिथे तांड्यावर कुणी बसत नाही. हवा तो गोलाच्या परिघावरचा आवाज, एका गाणाऱ्याच्या खांद्याजवळचा. तसे मुद्रण तंत्राला अवघड नाही. ऑक्सफर्डचे गणिती मायकल गर्झन यांनी १९७०च्या दशकात चार दिशांना तोंड असलेल्या चार माइकांच्या एका गुच्छातून सगळ्या दिशांचा ध्वनी टिपण्याची पद्धत सिद्ध केली. त्या मुद्रणातून पुढे दोन वाहिन्या काढता येतात, पाचही काढता येतात. उलटा प्रवास होत नाही. दोन वाहिन्यांत एकदा चपटा झालेला गोल कुठल्याही यंत्राने परत येत नाही, यंत्र फार तर त्याची नक्कल करील.

घरासाठी माझी निवड त्यामुळे दुहेरी आहे. बैठकीत दोन चांगले स्पीकर, भिंतीपासून हात-दीड हात पुढे, कानांच्या उंचीवर, साठ अंशांच्या कोनात. जमिनीवर सतरंजी. घरात सिनेमा जास्त पाहिला जात असेल तर मधला तिसरा. बाकीचे पैसे संगीतावर खर्च करावेत. परीक्षेसाठी एखादी जुनी एकवाहिनी तबकडी लावावी. डोळे मिटल्यावर गवई दोन स्पीकरांच्या मधोमध, एका जागी दिसला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला झुकला तर स्पीकर इंच-इंच सरकवावेत. याला पैसे लागत नाहीत, एक रविवार लागतो.

आणि जे तांड्यावर, दिंडीत, जात्याशी माइक घेऊन जातात, त्या विद्यापीठांच्या लोकसाहित्य विभागांनी, संग्रहालयांनी, हौशी तरुणांनी मात्र चार माइकांचा खर्च करावा. आजच्या नोंदवहीत गाणाऱ्याचे नाव, गाव, वय, गीताचा प्रकार, तारीख असे रकाने असतात. माइक कुठे ठेवला होता आणि तो धरणारा गोलाच्या आत होता, परिघावर होता की बाहेर, यासाठी रकाना नसतो. होळी मार्चमध्ये येते. तोवर छापील तक्त्यात तो एक रकाना वाढवायला पुरेसा वेळ आहे.